जर्मनीला जा, पण नोकरी विकत घेऊ नकोस

सोलापूरच्या एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय, ते थोडक्यात असं: "ताई, मी २७ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, एका खाजगी हॉस्पिटलमध्ये पाच वर्षं स्टाफ नर्स आहे, पगार १७ हजार. एक एजंट म्हणतोय जर्मनीत नर्सेसचा खूप तुटवडा आहे, साडेचार लाख भरा, तीन हप्ते चालतील, जर्मन ए टू (भाषेची दुसरी पायरी) पर्यंत झालं की बास, बाकी तिकडे गेल्यावर होतं, आणि पहिल्या महिन्यापासून ३ हजार युरो हातात. ओरिजिनल सर्टिफिकेट मागतोय, पण ती हॉस्पिटलने बाँड म्हणून ठेवून घेतलीत. आई कर्ज काढायला तयार आहे पण रात्रभर झोपत नाही. मेट्रन मॅडम म्हणाल्या, इथे शिकून तिकडे म्हाताऱ्यांचे डायपर बदलायला जाणार का. आणि खरं सांगू का, नाईटला तीस पेशंट आणि मी एकटी असते, मी गेले तर या वॉर्डचं काय, हे पण मनात येतं. मैत्रीण म्हणते जर्मनी सोड, यूके बघ, भाषा तरी शिकावी लागत नाही. काय करू?"

प्रिय सिस्टर,

सगळ्यात आधी पैशाचं. साडेचार लाख द्यायचे नाहीत. पहिला हप्ता पण नाही, टोकन म्हणून पाच हजार पण नाही. आईला आजच सांग की कर्जाचा विषय बंद, म्हणजे ती झोपेल तरी. जाऊ नकोस असं मी म्हणत नाहीये हे लक्षात घे. मी स्वतः तुझ्यासारख्याच वॉर्डमधून जर्मनीत आले आणि आता नवीन येणाऱ्या मुलींना ड्युटीवर शिकवते, त्यामुळे जाण्याच्या विरोधात मी कशी असेन. पण कर्ज काढून आलेली मुलगी आणि स्वतःच्या हिमतीवर आलेली मुलगी, दोघींची पहिली दोन वर्षं किती वेगळी जातात हे मी रोज बघते. कर्जवालीला कुठल्याच गोष्टीला नाही म्हणता येत नाही, जादाची ड्युटी असो, खराब रूम असो की उद्धट इन्चार्ज, कारण दर महिन्याला हप्ता उभा असतो.

आता गरज कुणाची आहे ते बघ. जर्मनीच्या सरकारी सांख्यिकी खात्याने २०२४ च्या जानेवारीत अंदाज दिला की २०४९ पर्यंत तिकडे किमान २ लाख ८० हजार आणि जास्तीत जास्त ६ लाख ९० हजार नर्सिंग कर्मचारी कमी पडतील. त्याच वर्षी त्यांच्या रोजगार खात्याने सांगितलं की नर्सिंगमध्ये काम करणाऱ्या साधारण १७ लाख लोकांपैकी दर सहा जणांत एक परदेशी आहे आणि २०२२ नंतर या क्षेत्रात जी काही वाढ झाली ती सगळी परदेशी लोकांमुळेच झाली, स्वतःच्या देशातली माणसं उलट कमी होतायत. म्हणजे गरज त्यांची आहे. मग ज्याला गरज आहे त्याने खर्च करायचा की १७ हजार पगारवालीने?

आणि हे माझं नुसतं मत नाहीये, तिकडची चांगली पद्धतच अशी आहे. २०१३ पासून जर्मन सरकारचा ट्रिपल विन नावाचा प्रोग्राम चालू आहे, त्यांचं रोजगार खातं आणि जीआयझी ही सरकारी संस्था मिळून चालवतात, केरळ सरकारच्या नॉर्का रूट्स या संस्थेबरोबर त्यांचा करार २०२१ च्या डिसेंबरात झाला. त्यात नर्सला निवडीचे, नोकरीचे काहीही पैसे द्यावे लागत नाहीत, भाषेचा कोर्स आणि प्रवास सुद्धा नोकरी देणाऱ्याकडून होतो. खाजगी एजन्सीजसाठी पण जर्मन सरकारने एक शिक्का काढलाय, 'फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' (जर्मनीसाठी नर्सची न्याय्य भरती) असं त्याचं नाव, आणि तो मिळवायचा असेल तर मुख्य अट हीच की भरतीचा खर्च नर्सवर टाकायचा नाही. तुझ्या एजंटला एवढंच विचार की तुमच्या जर्मन पार्टनरकडे हा शिक्का आहे का. नुसतं विचारल्यावर तो कसा बोलायला लागतो त्यावरूनच बरंच कळेल.

आपल्याकडचा कायदा पण माहीत असू दे. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायची तर १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं, आणि लायसन्सवाल्या एजंटला सुद्धा उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, ते पण पावती देऊन. साडेचार लाख कुठे आणि ३० हजार कुठे! लायसन्स आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर नाव टाकून बघता येतं. भारी ऑफिस, भिंतीवर जर्मन झेंडा, विमानतळावरचे मुलींचे फोटो, यातलं काहीच लायसन्स नसतं.

एक फरक मात्र लक्षात ठेव, नाहीतर तू उद्या क्लासची फी पण भरणार नाहीस. भाषेचा क्लास आणि परीक्षेची फी तुला स्वतःला भरावी लागली तर त्यात गैर काही नाही, ते तू थेट क्लासला भरतेस, पावती घेतेस आणि जे शिकतेस ते तुझं राहतं, उद्या हा एजंट गेला, दुसरा आला तरी तुझं बी वनचं, म्हणजे ए टूच्या पुढच्या पायरीचं, सर्टिफिकेट तुझ्याच नावावर. नोकरी "लावून देण्याचे" पैसे मात्र नाही म्हणजे नाही.

आता ते "ए टू पर्यंत झालं की बास". हे वाचून मला खरंच राग आला, कारण याच वाक्याने किती मुलींची वाट लागली आहे. नर्सिंगसाठी बोलावणारे बहुतेक लोक बी वन झाल्याशिवाय पुढची बोलणीच करत नाहीत, आणि तिकडे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला जवळजवळ सगळ्या राज्यांत त्याच्याही पुढचं बी टू लागतं. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं मॅक्स म्युलर भवन, त्यांच्याच हिशोबाने शून्यापासून बी टू पर्यंत जायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. परीक्षेत वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि प्रत्येकात वेगळे ६० टक्के हवेत, एकात राहिलात तर तेवढाच भाग परत देता येतो. सोलापूरला त्यांचं सेंटर नाही, परीक्षेला पुणे किंवा मुंबई गाठावी लागेल, ती एसटी-ट्रेनची आणि राहण्याची सोय आत्तापासूनच धरून चाल.

आणि भाषा फक्त सर्टिफिकेटपुरती नसते गं. तुझी पाच वर्षांची नोकरी काय आहे? सलाईन लावता येतं, कॅथेटर टाकता येतं, ते तर आहेच. पण खरी कमाई ही आहे की बारा नंबर बेडवरचे आजोबा "सिस्टर, जरा कसंतरी होतंय" म्हणाले की तुला कळतं हे रोजचं कसंतरी आहे की आज डॉक्टरांना उठवायला पाहिजे. भाषा नसली की ही पाच वर्षं तुझ्या बॅगेत पडून राहतात आणि तू वॉर्डमध्ये नवशिकी होऊन उभी असतेस. तिकडे डिमेन्शियाच्या आजी असतात, त्या क्लासमधली जर्मन बोलत नाहीत, गावाकडची बोलतात, दात काढून ठेवलेले असतात, अर्धी वाक्यं गिळतात. ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती) देताना सिस्टर इतक्या भराभर बोलतात की बी वन पास होऊन आलेल्या मुली पहिल्या महिन्यात बाथरूममध्ये जाऊन रडतात. फोन उचलायची तर एवढी भीती की रिंग वाजली की काहीतरी काम काढून लांब जातात. ए टू वर पाठवणं म्हणजे त्या मुलीला आणि पेशंटला, दोघांनाही धोक्यात घालणं आहे, आणि पाठवणाऱ्याला याचं काही वाटत नाही कारण त्याचा तिसरा हप्ता विमानात बसायच्या आधी वसूल झालेला असतो.

तर मग ३ हजार युरो. इथे नीट समजून घे, यात अर्ध खरं आणि अर्ध खोटं मिसळलंय. आपलं जीएनएम किंवा बीएस्सी तिकडे आपोआप चालत नाही, त्या त्या राज्याचं मान्यता देणारं ऑफिस तुझे कागद तपासतं, थिअरीचे तास, प्रॅक्टिकलचे तास, कुठल्या वॉर्डला किती पोस्टिंग झालं, सगळं. उदाहरणार्थ बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचं काम स्टुटगार्टच्या ऑफिसकडे असतं. मग ते लेखी कळवतात की तुमच्या शिक्षणात एवढं एवढं कमी पडतंय. ते भरून काढायला दोन रस्ते, एक तर तोंडी आणि प्रॅक्टिकल अशी परीक्षा द्यायची, ज्याला केंटनिसप्र्युफुंग म्हणतात, नाहीतर ठरलेल्या मुदतीचा ॲडॅप्टेशन कोर्स करायचा. हे पूर्ण होईपर्यंत तू कागदावर नर्स नसतेस, मदतनीस असतेस, आणि पगार पण मदतनिसाचा. वृद्धांच्या संस्थांसाठी तिकडे किमान वेतन ठरलेलं आहे, १ जुलै २०२५ पासून मदतनिसाला तासाला १६.१० युरो आणि पूर्ण नर्सला २०.५०. आठवड्याला ३९ तास धरले तर महिन्याला मदतनिसाचे साधारण २,७०० आणि नर्सचे ३,४०० च्या वर होतात, पण हे सगळं ब्रुटो. टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन हे सगळं कापून एकट्या माणसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो, हातात जे येतं ते नेटो, आणि त्यातून परत रूमभाडं. हॉस्पिटल्सचे स्वतःचे पगाराचे करार असतात ते वेगळे, काही ठिकाणी बरे असतात. म्हणजे पैसे चांगलेच आहेत, १७ हजाराशी तुलनाच नाही, पण "पहिल्या महिन्यापासून ३ हजार हातात" हे खोटं आहे आणि त्या खोट्यावर कर्जाचा हप्ता ठरवला की घर अडकतं.

म्हणून ऑफर लेटर आलं की बघायचं ते हे: मदतनीस असताना ब्रुटो किती, मान्यता मिळाल्यावर किती, परीक्षेच्या तयारीला पगारी सुट्टी आहे का, कोर्स कोण देणार, रूम कोण बघणार, आणि मधेच सोडलं तर पैसे परत मागणार का. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. काही जण लिहून घेतात की अमुक वर्षांच्या आत सोडलं तर सगळा खर्च परत द्या. आकडा लिहिलेला हवा, आणि जसजसे महिने काम करशील तसतसा तो कमी होत जायला हवा, शेवटच्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण रक्कम अशी अट असेल तर सही करायची नाही. करार जर्मनमध्ये असतो, तर भाषांतर एजंटकडून नाही, दुसऱ्या कुणाकडून करून घे. मान्यतेबद्दल परदेशातून विचारायला जर्मन सरकारचं एक सल्ला केंद्र आहे, बॉनमध्ये, झेडएसबीए नावाने सापडेल, फुकट सल्ला देतात, आणि 'मेक इट इन जर्मनी' ही त्यांची सरकारी साईट आहे. एजंटने जे सांगितलं ते तिथे तपासून बघ.

मान्यता लवकर मिळवण्याचं अजून एक कारण सांगते, जे एजंट कधीच सांगत नाहीत. स्किल्ड वर्कर म्हणून परमिट मिळालं की साधारण तीन वर्षांनी तिकडचा कायमचा रहिवास मागता येतो, पण मदतनीस म्हणून काढलेले महिने त्यात धरत नाहीत, मान्यतेनंतरच घड्याळ सुरू होतं. १९६० च्या दशकात केरळच्या कितीतरी मुली चर्चच्या ओळखीने पश्चिम जर्मनीत नर्सिंगला गेल्या होत्या, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी मंदी आली तसं त्यातल्या अनेकींची परमिटं वाढवायला नकार मिळाला, गरज संपली, आता जा. तुटवडा आज आहे म्हणून उद्याही आपले लाड होतील असं धरून चालायचं नाही, कागद पक्के करून घ्यायचे.

आता मेट्रन मॅडम. त्या तुझ्या सिनियर आहेत, त्यांना उलट उत्तर देऊ नकोस, पण त्या जे म्हणाल्या ते मला पटलेलं नाही. आपल्याकडे स्पंजिंग, बेडपॅन, भरवणं हे सगळं मावशी नाहीतर नातेवाईक करतात आणि सिस्टर इंजेक्शन, सलाईन, फाईल बघते, का तर तीस पेशंटमध्ये तिला दुसरं काही शक्यच नसतं. मग हळूहळू आपल्याला वाटायला लागतं की अंग पुसणं हे हलकं काम. तिकडे बेडजवळ नातेवाईक नसतात, मावशी नसते, तीन वर्षं शिकलेली नर्सच पेशंटला आंघोळ घालते, आणि ते करतानाच बघते की टाचेला लाली आलीये का, गिळताना ठसका लागतोय का, कालच्यापेक्षा आज उजवा हात कमी हलतोय का. बेडसोअर तिथे होऊ द्यायचा नसतो, झाला तर विचारणा होते. उलट आयव्ही इंजेक्शन, रक्त काढणं ही कामं बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात, आणि आपल्या मुलींना तिथेच सगळ्यात जास्त लागतं, की मी आयसीयूमध्ये सगळं करत होते आणि इथे मला सुई पण लावू देत नाहीत. हा धक्का खरा आहे, येणार हे माहीत असू दे. पण म्हाताऱ्या माणसाचं डायपर बदलणं यात कमीपणा काय आहे? आपले आई-बाबा उद्या तिथेच असणार आहेत.

तरीपण तुझी आवड बघ. एजंटने दाखवलेली जागा हॉस्पिटल आहे की वृद्धाश्रम, हे पत्रात तू लिहिलेलंच नाहीस, म्हणजे बहुतेक त्याने सांगितलंच नाही. तुला सर्जिकल वॉर्ड, आयसीयू आवडत असेल तर हॉस्पिटलचाच करार माग, थोडं थांबावं लागलं तरी चालेल, कारण वृद्धाश्रमाच्या करारावर जाऊन मग बदलू म्हणणाऱ्या बऱ्याच जणी तिथेच अडकतात. आणि तिकडे आरामाची ड्युटी असते असंही कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढ. त्यांचा कायदा आयसीयूत दिवसा दोन पेशंटला एक नर्स म्हणतो, पण मेडिसिनच्या वॉर्डला दिवसा १० आणि नाईटला २२ पर्यंत पेशंट एका नर्सकडे चालतात. माणसं कमी आहेत म्हणून तर तुला बोलावतायत ना.

यूकेचं पटकन सांगते. भाषा शिकावी लागत नाही हे चुकीचं आहे, आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं यात ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात, नाहीतर ओईटी ही आरोग्य क्षेत्राची इंग्लिश परीक्षा द्यायची, मग सीबीटी ही कॉम्प्युटरवरची नर्सिंगची परीक्षा, मग तिकडे जाऊन ओएससीई ही प्रॅक्टिकल परीक्षा. तुझं इंग्लिश चांगलं असेल तर वाईट रस्ता नाही, पण सध्या तिकडची भरती बरीच आटलीये आणि व्हिसाचे नियम कडक होतायत. आणि कुणी "केअर वर्करचा व्हिसा" विकायला आला तर सरळ फोन ठेव, बाहेरून नवीन केअर वर्कर घेणं त्यांनी २०२५ च्या जुलैमध्येच बंद केलंय.

आता जे तू शेवटी लिहिलंस आणि जे मला सगळ्यात जास्त लागलं. मी गेले तर या वॉर्डचं काय.

सिस्टर, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम साध्या हॉस्पिटलच्या वॉर्डला पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे, शिकवणाऱ्या हॉस्पिटलला तीनमागे एक. तुझ्याकडे तीस आहेत. म्हणजे तू असतानाच त्या वॉर्डमध्ये पाच सिस्टर कमी आहेत, आणि त्या तुझ्यामुळे कमी नाहीत. २०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने खाजगी हॉस्पिटलमधल्या नर्सच्या पगारावर कमिटी नेमायला सांगितली, त्या कमिटीने शिफारस केली की ५० बेडपेक्षा लहान हॉस्पिटलनेही किमान २० हजार द्यावेत आणि २०० बेडच्या वरच्या हॉस्पिटलने सरकारी नर्सइतका पगार द्यावा. इतकी वर्षं झाली त्याला, आणि पाच वर्षांचा अनुभव असलेली तू अजून १७ हजारावर आहेस. जागा रिकाम्या का राहतात, पोरी नर्सिंग सोडून ब्युटी पार्लरच्या कोर्सला का जातात, याचं उत्तर इथे आहे. तो हिशोब हॉस्पिटल चालवणाऱ्यांनी आणि सरकारने द्यायचा आहे. तुझ्या एकटीच्या राहण्याने पाच सिस्टर येणार नाहीत, फक्त तुझी पाठ जाईल.

हे मी तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत, प्रश्न मोठा आहे आणि श्रीमंत देशांवर माझा रागही आहे. डब्ल्यूएचओच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात जवळपास ५८ लाख नर्स कमी आहेत, आणि श्रीमंत देशांतल्या नर्सपैकी २३ टक्के परदेशात जन्मलेल्या आहेत. स्वतःची मुलं-मुली या कामाला येतील असा पगार आणि अशी ड्युटी द्यायची नाही, शिक्षणावर खर्च करायचा नाही आणि दुसऱ्याने शिकवलेली नर्स तयार उचलायची, हे बरोबर नाहीच. म्हणून २०१० मध्ये डब्ल्यूएचओने भरतीचे नियम केले आणि ज्या देशांची अवस्था फारच नाजूक आहे अशा ५५ देशांची यादी आहे, तिथून मुद्दाम जाऊन भरती करू नका म्हणून. भारत त्या यादीत नाही. उलट आपलंच राज्य सरकार २०२४ च्या फेब्रुवारीत बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार करून बसलंय, सुरुवातीला १० हजार कुशल मुलं-मुली पाठवायची म्हणून, त्यात नर्सेस पण आहेत. पाठवायला माझी हरकत नाही, पण जे सरकार पाठवायला करार करतं त्याने आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या रिकाम्या जागा पण तेवढ्याच उत्साहाने भरल्या पाहिजेत, कंत्राटी नाही, पर्मनंट. हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते. त्या कराराची चौकशी तू जरूर कर, पण सरकारी ऑफिसात आणि सरकारी साईटवरच, आणि तुझा एजंट उद्या "सरकारी कोट्यातून करून देतो" म्हणाला तर समजून जा.

तर मग करायचं काय. नोकरी आत्ता सोडायची नाही. संध्याकाळचा नाहीतर ऑनलाईन क्लास लाव, ए वन आणि ए टू ड्युटी सांभाळून होतं, बऱ्याच जणींनी केलंय, नाईटनंतर लगेच क्लास ठेवू नकोस तेवढं, त्यात डोक्यात काही शिरत नाही. बी वनला मात्र वेळ द्यावा लागतो, तेव्हा काही महिन्यांची बिनपगारी रजा किंवा पार्टटाईम ड्युटी मिळते का बघ, आणि त्या महिन्यांसाठी आत्तापासून थोडे थोडे बाजूला ठेव. जो पैसा एजंटच्या पहिल्या हप्त्याला जाणार होता त्यातला काही इथे लागेल. एकटीने शिकू नकोस, हॉस्पिटलमधल्याच अजून एक-दोघी तयार कर, ओव्हर देताना आपापसात जर्मनमध्ये बोलायची सवय करा, आज बीपी किती, शुगर किती, जेवले का, झोपले का. पुस्तकातल्या रेल्वे स्टेशनच्या संवादापेक्षा हे दहापट उपयोगी पडतं.

बी वन हातात आलं की चित्र बदलतं. तेव्हा तू कुणाच्या ऑफिसबाहेर फाईल घेऊन बसत नाहीस, व्हिडिओ कॉलवर हॉस्पिटलवाले तुझा इंटरव्ह्यू घेतात आणि तू पण त्यांना विचारतेस.

आईला हे सगळं आकड्यात सांग. कर्ज नाही, नोकरी चालू, वर्ष-सव्वा वर्ष भाषा, मग ऑफर आली तर एकत्र बसून वाचू. लग्नाचं ती काढेलच, तर तुझं जे असेल ते स्पष्ट बोल, तिकडे गेल्यावर फोनवर हा विषय जास्त अवघड होतो. ती कर्ज काढायला तयार झाली म्हणजे तुझ्यावर तिचा विश्वास आहे, त्या विश्वासाचं घरावर बोजा चढवण्यात रूपांतर होऊ देऊ नकोस एवढंच.

राहिली सर्टिफिकेटं. हॉस्पिटलला तुझी ओरिजिनल अडकवून ठेवायचा हक्क नाही, बाँडच्या नावाखाली पण नाही. जर्मनीचं नाव सुद्धा काढू नकोस, साधा अर्ज लिही की पुढील शिक्षणासाठी आणि कौन्सिलच्या कामासाठी माझी मूळ कागदपत्रं परत मिळावीत, खाली एक एक कागदाचं नाव लिही, जीएनएमचं सर्टिफिकेट, तिन्ही वर्षांच्या मार्कशीट, रजिस्ट्रेशन, दहावी-बारावीचे. दोन कॉपी काढ, एक त्यांना दे आणि दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घे. पंधरा दिवसांत दिली नाहीत तर त्या शिक्क्याच्या कॉपीसह महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आणि कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार. आणि हातात आली की ती एजंटकडे द्यायची नाहीत, त्याला फक्त नोटरी केलेल्या झेरॉक्स, ओरिजिनल घरी कपाटात.